घर न सोडता स्वतःच्या पायावर

शनिवारी सकाळी कामशेतहून पवनानगरमार्गे गाड्या तिकोणा पेठेत येऊ लागल्या की गावातली वीस-बावीस वर्षांची मुलं कामाला लागतात. कुणी पार्किंग बघतं, कुणी घरच्या ओसरीवर ट्रेकर मंडळींना पिठलं-भाकरी वाढतं, कुणी तिकोणा गडाची वाट दाखवायला जातं, कुणी संध्याकाळी पवनेच्या काठी तंबू उभे करतं. त्यांच्यातलीच काही मुलं सोमवारी पहाटे दुचाकी काढून तळेगावच्या एमआयडीसीत पहिली पाळी गाठतात. मुलं कष्टाळू आहेत, कमावतीही आहेत. तरी मोबाइलचा रिचार्ज, गाडीचं सर्व्हिसिंग आणि मित्राच्या लग्नातला आहेर यासाठी महिनाअखेरीला हात आईपुढेच पसरला जातो.

याचं कारण मुलांच्या स्वभावात शोधण्याआधी आपल्या घराच्या हिशेबात शोधावं. शहरातल्या मुलाला नोकरी लागली की खोलीचं भाडं, मेसचे पैसे, लोकलचा पास असे खर्च आपोआप अंगावर येतात. पवन मावळात तसं होत नाही. घर आपलं, इंद्रायणी भात आपल्या खाचरातला, दूध गोठ्यातलं. त्यामुळे मुलाच्या हातात तेरा-चौदा हजार आले तर ते सगळेच्या सगळे वरखर्चाला मोकळे असतात, आणि वरखर्चाला तळ नसतो. मुलांनी घर सोडावं म्हणजे ती शहाणी होतील, हा सल्ला इथे गैरलागू आहे. शेतीला माणसं लागतात, म्हातारी माणसं घरात असतात, आणि एकत्र राहण्यात दोन्ही पिढ्यांचं भलं आहे. इथे स्वावलंबन आणायचं तर ते घरात राहूनच आणावं लागेल. त्याचा मार्ग एकच मला पटतो: खर्चाची एकेक बाब, तारीख ठरवून, मुलाच्या किंवा मुलीच्या हवाली करायची आणि एकदा दिलेली परत घ्यायची नाही.

आधी हिशेब उघडा करा

बहुतेक घरांत मुलांना वीजबिल किती येतं, खताची गोणी कितीला मिळाली, सोसायटीचं पीककर्ज किती बाकी आहे, हे माहीत नसतं. वडील सांगत नाहीत, कारण ‘पोराला कशाला घोर’. मग पोरालाही वाटतं की घर आपोआप चालतं. एका संध्याकाळी वही घेऊन सगळ्यांनी बसा. महिन्याला किराणा, गॅस, वीज, औषधं किती. वर्षाला बियाणं, खत, लावणीची मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं, घरपट्टी, सणवार किती. डोक्यावर कर्ज किती, हप्ता किती. शेजारी दुसरा रकाना करा आणि त्यात मुलामुलींमुळे होणारा खर्च वेगळा मांडा: रिचार्ज, पेट्रोल, कपडे, फी, बाहेरचं खाणं. घरचा भात, घरचं दूध यांचीही बाजारभावाने किंमत लिहा. मुलाला खजील करायला हा हिशेब मांडू नका. आपण खातो त्या तांदळाला किंमत आहे, एवढं त्याच्या डोळ्यांना दिसलं तरी पुरे.

जमीन विकून आलेले पैसे घरात असतील तर ही बैठक आणखी गरजेची. पवना धरणाच्या तलावाच्या आसपासचे गुंठे मुंबई-पुण्याच्या लोकांनी घेतले, त्यातून घरं बांधली गेली, गाड्या आल्या. त्यातले किती उरले आणि ते कशासाठी राखून ठेवले आहेत, हे मुलांना आकड्यात सांगा. ‘आपल्याकडे आहेत’ एवढंच त्यांना माहीत असेल, तर चौदा हजारांच्या नोकरीसाठी पहाटे उठण्याचं त्यांना काही कारण दिसणार नाही.

कोणता खर्च आधी

पहिला रिचार्ज. तो लहान आहे, ठरावीक आहे आणि संपला की त्याच दिवशी कळतो. मूल कॉलेजात असलं आणि शनिवार-रविवार थोडंफार कमावत असलं तरी एवढं त्याला जमतं. चार-पाच महिन्यांनी गाडी द्या: पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर. नंतर कपडे, सहली, मित्रांचे वाढदिवस. नियमित मिळकत सुरू होऊन सहा महिने झाले की घरखर्चातला वाटा. तारखा सणांना जोडल्या तर लक्षात राहतात: रिचार्ज पाडव्यापासून, पेट्रोल गणपतीपासून, घरचा वाटा दिवाळीपासून.

रिचार्ज संपला आणि पैसे नसले, तर चार दिवस फोन बंद राहू द्या. आईला हे जड जातं, तिचा जीव कासावीस होतो, पण इथे दिलेले शंभर-दोनशे रुपये पुढे हजारांच्या मागणीला वाट करून देतात. मात्र काही गोष्टींत मुलाला अद्दल घडू देऊ नये. परीक्षेची फी, दवाखाना, गाडीचा विमा. विम्याविना गाडी चालवताना अपघात झाला तर भरपाई सगळ्या घराच्या मानगुटीवर बसते. तेव्हा विमा तुम्ही भरा आणि ती रक्कम त्याच्याकडून हप्त्याने वसूल करा.

घरचा वाटा किती असावा? हातात पडणाऱ्या रकमेच्या साधारण चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात करावी. साडेतेरा हजार हातात येत असतील तर तीन-साडेतीन हजार. तो आईच्या हातावर रोख ठेवण्यापेक्षा त्याच्या नावाने एखादं बिल लावून द्या: वीज आणि गॅस आजपासून तुझं. काही आई-वडील मुलाचे पैसे घेतात, गुपचूप साठवतात आणि लग्नात परत देतात. त्यामागची माया मला कळते, तरी ही पद्धत मला पटत नाही. आपल्या पैशाने घरात दिवा लागतो हे मुलाला ठाऊक असायला हवं. साठवायचं तर त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या हाताने साठवावं. पोस्टात आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून उघडता येते आणि ती पाच वर्षांची असते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ती कापली जाईल अशी सोय करून घ्यावी.

पगारपत्रक एकदा घरी वाचा

तळेगाव, चाकण पट्ट्यात आपली बरीचशी मुलं ठेकेदाराकडून कामाला लागतात. पहिल्या महिन्यात खात्यात किती आले एवढंच विचारलं जातं. कपात किती झाली, ती कुठे गेली, हे कुणी विचारत नाही. भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीएफमध्ये, मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम मुलाच्या पगारातून जाते आणि तेवढीच मालकाने घालायची असते. मूळ पगार व भत्ता मिळून १३,००० असेल तर मुलाचे दरमहा १,५६० रुपये जमा व्हायला हवेत. ते खरोखर जमा होतात का, हे उमंग अॅपवर यूएएन, म्हणजे पीएफचा कायम खाते क्रमांक, टाकून पासबुकात दिसतं. पगारपत्रकात कपात आहे आणि पासबुकात नोंद नाही, असं आढळलं तर ठेकेदाराला लेखी विचारा आणि गरज पडल्यास पीएफ कार्यालयात तक्रार करा. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, लागू होते. त्यात कामगाराचे ०.७५ टक्के जातात, मालकाचे ३.२५ टक्के, आणि उपचाराची सोय आई-वडिलांसह अवलंबून असलेल्या कुटुंबालाही मिळू शकते. ईएसआयसीचं कार्ड मागून घ्या. दवाखान्याच्या एका फेरीत त्याची किंमत कळते.

एक गोष्ट जरा आग्रहाने सांगतो. ठेकेदार बदलला की मुलं जुना पीएफ काढून टाकतात आणि त्यातून मोबाइल घेतात. मालकाच्या वाट्यातला एक भाग पेन्शन योजनेत जात असतो आणि दहा वर्षांची नोकरी भरली तर ५८व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क मिळतो. दर दोन वर्षांनी सगळं काढून घेणाऱ्याची ही दहा वर्षं कधी भरतच नाहीत. यूएएन तोच ठेवायचा, नव्या ठेकेदाराला द्यायचा आणि जुनी रक्कम वर्ग करून घ्यायची. बाविसाव्या वर्षी मुलाला म्हातारपण दिसत नसतं. ते दाखवण्याचं काम घरातल्या मोठ्यांचं.

कॅम्पवाल्या मुलांचं गणित वेगळं

महिन्याच्या पगाराचे नियम कॅम्पवर, हॉटेलात किंवा गडाच्या पायथ्याशी कमावणाऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. थंडीत तंबू भरलेले असतात, ३१ डिसेंबरला तर झोपायला वेळ नसतो. जून उजाडला की वाऱ्यापावसात तंबू गुंडाळावे लागतात. पावसाळ्यात धबधब्यांची आणि ट्रेकची गर्दी होते, पण शनिवार-रविवारचीच, आणि तेव्हाच घरी लावणी असते. डिसेंबरात हाताला लागलेला पैसा मार्चमध्ये संपतो आणि ऑगस्टमध्ये उसनवारी होते.

याला उपाय असा की सीझनच्या कमाईचे बारा भाग करायचे. समजा ऑक्टोबर ते मे मिळून १,३२,००० रुपये सुटले. तर मुलाचा ‘पगार’ महिन्याला ११,०००. सगळी कमाई एका खात्यात जमा होऊ द्या आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यातून ११,००० दुसऱ्या खात्यात वळवा. खर्च फक्त दुसऱ्या खात्यातून करायचा आणि गूगल पे, फोन पे त्यालाच जोडायचं. पहिल्या वर्षी सुटणाऱ्या रकमेचा अंदाज चुकेल, म्हणून थोडा कमीच धरावा. घरचा वाटाही या मासिक आकड्यावर ठरवा. डिसेंबरच्या भरल्या खिशाकडे बघून ठरवलात तर तो ऑगस्टमध्ये पेलणार नाही.

मुलगा घरच्याच जमिनीवर कॅम्प किंवा खानावळ काढत असेल तर धंद्याचा आणि घराचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. घरचे तांदूळ, घरचं जळण, आईने थापलेल्या भाकऱ्या हे सगळं फुकट धरून ‘एवढा फायदा झाला’ असं म्हणण्यात अर्थ नाही. भाकरीमागे आईची मजुरी लावा आणि ती तिच्या खात्यात जाऊ द्या. जागेचं भाडं थोडं का होईना ठरवा आणि मुलाने ते वडिलांना द्यावं. एवढं सगळं वजा जाऊन उरतं ती मुलाची खरी कमाई. काही उरत नसेल तर ते पहिल्याच वर्षी कळलेलं बरं. छोट्या खानावळीला अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी लागते, तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. उद्यम नोंदणी मोफत होते. ही कागदपत्रं मुलानेच स्वतःच्या नावाने काढावीत, वडिलांनी करून देऊ नयेत. आणि तंबू आपल्याच सातबाऱ्यावरच्या जमिनीत असावेत. धरणासाठी संपादित झालेल्या जागेत गुंतवलेले पैसे एका कारवाईत जातात.

धंदा शिकायचा असेल तर प्रत्येक जिल्ह्यात ग्रामीण तरुणांसाठी बँकांनी चालवलेली ‘आरसेटी’ ही स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक महाराष्ट्र बँक आहे, तिच्या शाखेत चौकशी करा. राहण्या-जेवणासह प्रशिक्षण मोफत मिळतं.

शिकणाऱ्यांना सूट किती

कॉलेज संपेपर्यंत मुलाकडून काहीच अपेक्षा नको, असं अनेकांना वाटतं. महाराष्ट्राची परंपरा याहून वेगळी आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरिबांच्या मुलांना श्रम करत शिकवलं आणि त्यात कमीपणा मानू दिला नाही. त्यांच्याच नावाने पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ‘कमवा व शिका’ योजना चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासावर काम मिळतं. प्रवेश घेतानाच त्याची चौकशी करा. आयटीआय झालेल्यांनी शिकाऊ उमेदवारी करावी, तिथे विद्यावेतन मिळतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय किंवा पदविका झालेल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा ठरवले गेले. हे प्रशिक्षण मुदतीचं असतं, त्यानंतर कायम नोकरी मिळेलच असं नाही. तेव्हा या रकमेच्या भरवशावर मोटारसायकलचा हप्ता घेऊ नये.

शिक्षणासाठी मोठी रक्कम लागणार असेल तर गुंठा विकण्याआधी शैक्षणिक कर्जाचा विचार करा. बँकांच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत आणि परतफेड शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होते. आई-वडील सहकर्जदार असतात, पण हप्ता मुलाने फेडायचा हे कर्ज घेतानाच बोलून ठेवा. आपल्या शिक्षणाचा निम्मा भार आपण उचलणार आहोत हे माहीत असलेलं मूल कॉलेज निवडताना चार ठिकाणी चौकशी करतं.

सही करण्याआधी

‘बाबा, फक्त सही करा, हप्ता मी भरतो.’ मोटारसायकल, पिकअप, पतसंस्थेचं कर्ज, सगळीकडे हे वाक्य येतं. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मुलाने हप्ता थकवला तर बँक सरळ तुमच्याकडे येऊ शकते. म्हणून जो हप्ता तुम्ही स्वतः भरू शकत नाही त्यावर सही करू नका, मुलगा कितीही गुणी असो. हप्ता, पेट्रोल आणि सर्व्हिसिंग मिळून मुलाच्या सर्वांत वाईट महिन्याच्या कमाईच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसायला हवं. कॅम्पवाल्याने आपली ऑगस्टची कमाई धरावी.

मोबाइलवरच्या झटपट कर्जाबद्दल मुलांशी न रागावता बोला. रागावलात तर ते लपवतील. कुणी अडकलंच तर एकदा मदत करा, पण रक्कम वहीत लिहून आणि परतीचा हप्ता ठरवून. दुसऱ्यांदा मात्र मुलाने स्वतःची वस्तू विकून मोकळं व्हावं.

स्वतःच्या नावाचा विमा काढणं ही मोठं झाल्याची खूण मानावी. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देते, जीवनज्योती ४३६ रुपयांत २ लाखांचं आयुर्विमा संरक्षण. रात्रपाळी करून पावसातून दुचाकीवर घरी येणाऱ्या मुलाने दोन्ही घेतलेच पाहिजेत.

लेकीचं खातं

मुलाच्या पगाराबद्दल घराघरांत चर्चा होते. लेक मात्र गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये, कंपनीत किंवा कामशेतच्या दुकानात कमावत असली तरी तिचा पैसा लग्नासाठी म्हणून परस्पर बाजूला जातो, तोही वडिलांच्या खात्यात. हे थांबायला हवं. तिचं खातं तिच्या नावावर, एटीएम कार्ड तिच्याकडे, पिन तिलाच माहीत. घरखर्चातला वाटा तिच्याकडूनही घ्या, भावाइतकाच, आणि उरलेल्यावर तिचा निर्णय चालू द्या. लग्नानंतर ती ज्या घरी जाईल तिथे बँकेत एकटीने जाण्याची सवय तिच्या उपयोगाला येईल. वडिलोपार्जित जमिनीतही हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला मुलाइतकाच हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवून ‘इथे सही कर’ म्हणण्याआधी त्या जमिनीची किंमत काय आहे, हे तिला कागदावर दाखवा. पवनेकाठच्या जमिनीच्या बाबतीत तर हे सांगणं आई-वडिलांचं कर्तव्यच आहे.

मुलाचा धंदा उभा राहावा म्हणून हयातीतच जमीन त्याच्या नावावर करून देण्याची घाई करू नका. वापरायला द्या, कराराने द्या, मालकी आपल्याकडे ठेवा. साठी उलटलेल्यांना २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर कलम २३ खाली परत मागता येते. ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असली म्हणजे बाजू भक्कम राहते. हा अविश्वास नव्हे. तुमचं म्हातारपण तुमच्या हाती राहिलं तर मुलावरचं ओझं उलट कमीच होतं.

नोकरी गेली तर

ठरवलेल्या तारखा कधीकधी उलट्याही फिरवाव्या लागतात. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं. कायम नोकरी म्हणून ज्यांनी घरकर्ज घेतलं होतं त्यांच्यासाठी तो मोठा आघात होता. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला, पण मधली वर्षं घरांनी काढली. कंत्राटी मुलांच्या बाबतीत तर असा निरोप केव्हाही येतो.

म्हणून आजच ठरवून ठेवा. काम सुटलं तर घरचा वाटा तीन महिने माफ. जेवणखाण, औषध घराकडे. रिचार्ज आणि पेट्रोल मात्र त्याच्याच साठवणीतून, आणि साठवण संपली तर शेतातल्या कामाची मजुरी बाहेरच्या मजुराच्या दराने त्याला द्या. तीन महिन्यांनी पुन्हा वही उघडायची. तोवर काम मिळालं नसेल तर कमी पगाराचं, लांबचं, पाळीचं जे मिळेल ते घ्यायचं, हेही आधीच बोललेलं असावं. ही बोलणी नोकरी असताना, शांतपणे, दोघांनी समोरासमोर बसून करावीत. काम सुटल्याच्या रात्री जेवणाच्या ताटावर हा विषय काढू नये. त्या रात्री मुलाला जेवू घाला आणि झोपू द्या.